कामानिमित्त सततची फिरती: काम आणि तब्येत दोन्ही कशी सांभाळता?

रानवारा | सोमवार, २१:१२

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यापासून माझी जबाबदारी बदलतेय. आतापर्यंत वर्षाकाठी एखाददुसरा दौरा असायचा, आता महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. कधी विमान, कधी रेल्वे, कधी सरळ गाडी काढून जायचं. काम आवडीचं आहे, त्यामुळे "नकोच घेऊस" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरून पुरेसा मिळालाय.

अडचण अशी की दौऱ्यावरून परतले की दोन दिवस मी कोणाच्याच कामाची नसते. पोट बिघडलेलं, झोपेचं खोबरं, मेलबॉक्स तुंबलेला. वरिष्ठांचा समज असा की प्रवासात हिला वेळच वेळ, त्यामुळे "तेवढं प्रेझेंटेशन विमानात बसून संपव" हे गृहीतच धरलेलं. क्वचित कधीतरी असं चालून गेलं, आता दर आठवड्याला कसं चालणार?

तर सतत फिरतीवर असणाऱ्यांना तीन प्रश्न. प्रवासात नेमकं कोणतं काम होतं आणि कोणतं होत नाही? झोप, व्यायाम, खाणं यातलं काय धरून ठेवता आणि काय सोडून देता? आणि जबाबदारी स्वीकारण्याआधी साहेबांकडून काय काय कबूल करून घ्यावं?

बॅटरी_लो | सोमवार, २१:२०

पहिला! प्रवासात माझं एकच काम नेमाने होतं, ते म्हणजे चार्जिंगचा पॉइंट शोधणं. जाणकार येतीलच, मी कोपऱ्यात बसून वाचतोय.

पहाटपक्षी | सोमवार, २१:४७

दिनक्रम मोडायचाच नाही. कुठेही असलो तरी पाचला उठणं, पाऊण तास व्यायाम, थोडा वेळ शांत बसणं, मग नाश्ता. "हॉटेलात जिम नव्हती" ही निव्वळ सबब आहे. एक चटई पसरेल एवढी जागा प्रत्येक खोलीत असते, आणि रबरी पट्टा बॅगेत मोज्यांच्या शेजारी मावतो. जोर-बैठकांना कोणाची परवानगी लागत नाही.

खडूस | सोमवार, २२:०५

@पहाटपक्षी, रात्री दीडला खोलीत पोहोचलात तरी पाचला उठता? उठत असाल तर साष्टांग दंडवत, पण इतरांना हे शिकवू नका. साडेतीन तास झोपून पाऊण तास बैठका मारण्यापेक्षा सव्वाचार तास झोपलेलं केव्हाही बरं.

रानवारा, तुमच्या तीन प्रश्नांत शेवटचा तेवढा खरा. बाकीचे दोन त्याच्या पोटात आहेत. दौऱ्यातली तब्येत हॉटेलात बिघडत नाही, ती तिकीट काढतानाच बिघडलेली असते. मीटिंग सकाळी दहाला, म्हणून विमान पहाटे साडेपाचचं, म्हणून टॅक्सी साडेतीनला, म्हणून गजर अडीचचा, आणि तो वाजेल की नाही या धास्तीने डोळा लागतच नाही. का? तर एका रात्रीचं हॉटेलचं भाडं वाचावं म्हणून. आता याच्यावर कोणता रबरी पट्टा बांधणार?

पहाटपक्षी | सोमवार, २२:११

दीडला पोहोचलो तर नाही उठत, इतकाही हट्टी नाही. पण अशी रात्र एखादीच येते, आणि लोक तिच्या नावावर महिनाभर लोळतात.

खडूस | सोमवार, २२:१३

हे मात्र मान्य.

बॅटरी_लो | सोमवार, २२:१४

तासाभरात दोघांचं एकमत? या संस्थळाचं वातावरण बिघडत चाललंय.

भिंगरी | सोमवार, २३:०२

रानवारा, मी पहिल्या प्रश्नाचं बघते, उरलेल्या दोनांवर हे दोघे आठवडाभर पुरतील.

प्रवासात काम होतं, पण वाटेल ते काम होत नाही. डोकं तासभर एका जागी रोवून बसावं लागेल असं काहीही मी प्रवासाच्या दिवशी हातात घेत नाही. आकडे जुळवणं, करारातली कलमं तपासणं, कोणाच्या कामावर लेखी अभिप्राय देणं, यांना सक्त बंदी. कारण दर पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी उठवतं. रांग सरकली, बोर्डिंग सुरू झालं, खिडकीवाल्याला बाहेर जायचंय, ट्रे बंद करा. सोफी लरॉय यांचा २००९ सालचा एक शोधनिबंध आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं कामही कच्चं होतं, असं त्यांना प्रयोगांत दिसलं. प्रवासाच्या दिवशी तर प्रत्येकच काम अर्धवट टाकावं लागतं, त्यामुळे तो दिवस असाच जाणार हे धरून चालते.

वाचन मात्र छान होतं. कच्चा मसुदाही, म्हणजे वाक्यं वाकडी चालतील पण मुद्दे कागदावर आले पाहिजेत असा. नेट नसणं फायद्याचंच, पण फाइली आदल्या रात्री उतरवायच्या आणि फोन-लॅपटॉप विमान मोडवर टाकून खरंच उघडतात का ते घरीच बघायचं. "ऑफलाइन उपलब्ध" अशी हिरवी खूण असलेली फाइल वर गेल्यावर गोल गोल फिरत बसते, ते बघत बसण्यासारखा छळ नाही.

फुटकळ कामं विमानतळावर किंवा फलाटावर. त्यातलं सर्वांत फायद्याचं म्हणजे खर्चाची बिलं. पावती हातात पडली की तिथेच फोटो. बहुतेक पावत्या थर्मल कागदावर असतात, पाकिटात उबेला आणि घामाला लागून अक्षरं उडतात. महिनाअखेरीस लेखा विभागापुढे कोरे चिटोरे ठेवण्यात काही मजा नाही.

गोगलगाय | सोमवार, २३:१९

बाळबोध प्रश्न. विमानात माझं डोकंच चालत नाही. एकच परिच्छेद चार-चार वेळा वाचते आणि उतरल्यावर आठवत नाही. हे माझंच होतं का?

नाडीपरीक्षक | मंगळवार, ०७:३५

@गोगलगाय, तुमच्या एकट्याचं नाही. केबिनमधली हवा जमिनीसारखी नसते. तिचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असेल इतका ठेवलेला असतो, म्हणजे रक्तातला प्राणवायू थोडा खाली येतो. हवेतली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या आत. वर इंजिनाची घरघर. निरोगी माणसाला यातल्या कशानेही इजा होत नाही, पण तरतरीत वाटावं अशी ही परिस्थिती नव्हे. डोळे कोरडे पडतात, घसा सुकतो, पेंग येते. त्यात मद्य घेतलंत तर झोप लागल्यासारखी वाटते, पण तुटक लागते.

सर्दीने कान-नाक गच्च असेल तर शक्यतो विमान टाळा. टाळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून नाक मोकळं करणारं औषध घ्या, आणि विमान उतरू लागताना जागे राहून आवंढे गिळत राहा. झोपेत गिळणं कमी होतं, दाब साचतो आणि मग कान ठणकतो.

स्पॅनर | मंगळवार, १३:२६

इथे सगळे विमानातच बसलेले दिसतात. खालून बोलतोय.

मी मशीन दुरुस्तीवाला. मशीन बंद पडलं की फोन येतो आणि मिळेल त्या रात्रीच्या बसने निघायचं. दिनक्रम वगैरे आमच्याकडे नसतो, कारण मशीन कधी बंद पडणार ते मशीन ठरवतं. सकाळी उतरलं की थेट कारखान्यात. तिथे लाइन उभी, माणसं हाताची घडी घालून उभी, आणि सगळ्यांचं लक्ष आपल्या हाताकडे. अशा वेळी "जरा आंघोळ करून येतो" म्हणायचीही सोय नसते. मागे एकदा पॅनेल उघडून बसलो होतो, एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. दुपारचं जेवण ते, आणि ते झालं रात्री अकराला.

तरी चार गोष्टी पाळतो. अवजारांची पेटी खांद्यावर टांगायची नाही, चाकाच्या बॅगेतच. कमरेने शिकवलेला धडा आहे. बॅगेत स्वतःचं खाणं असतंच, सुकामेवा आणि न सांडणारं, न विटणारं काहीतरी. म्हणजे भुकेने वखवखून रस्त्यावरचं तळलेलं ओरपायची वेळ येत नाही. काम कितीही तापलं तरी दोन तासांनी पाच मिनिटं पॅनेलपासून लांब जायचं. बऱ्याचदा बिघाड त्या पाच मिनिटांतच सुचतो. आणि काम संपल्यावर रात्री गाडी चालवत परतायचं नाही, मालक कितीही म्हणो.

खडूस | मंगळवार, १३:४०

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

नाडीपरीक्षक | मंगळवार, २०:५०

स्पॅनर यांच्या पोस्टमुळे राहिलेलं सांगतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं हे विमानाचंच दुखणं समजलं जातं, ते चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये यावर मोठा अहवाल काढला होता. ४ तासांहून जास्त वेळ जखडून बसलं की धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, रेल्वे, बस वा मोटार. दुप्पट ऐकून घाबरू नका. निरोगी माणसात ४ तासांवरच्या विमानप्रवासामागे तो सुमारे ६,०००त एक इतकाच आहे. पण थोड्या काळात पुन्हा पुन्हा प्रवास केला तर वाढतो, आणि या धाग्यावरची मंडळी नेमकी तेच करतात.

उपाय साधे आहेत. दर तासाला-दीड तासाला उठून चार पावलं चाला. उठता येत नसेल तर टाचा टेकवून चवडे वर, चवडे टेकवून टाचा वर, असं करत पोटऱ्या हलवत राहा. पायापुढची जागा बॅगेने अडवू नका. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, गरोदर असलेल्या, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा आधी गुठळी झालेल्या मंडळींनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका, लगेच दवाखाना गाठा.

सांजवेळ | मंगळवार, २१:१५

डॉक्टर, पाण्याबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. "भरपूर पाणी प्या" हे सगळे सांगतात. पुढच्या चार तासांत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल का, हे सांगत नाही कोणी. त्यामुळे आम्ही बायका निघायच्या आधीपासून पाणी तोडतो. ओठ सुकतात, डोकं दुखतं, आणि चार दिवसांनी लघवीला जळजळ.

आता मी मार्ग ठरवतानाच थांबे ठरवते. गाडी असेल तर चालकाला निघतानाच सांगते की इथे आणि इथे थांबायचं. वाटेत "जरा थांबवता का" म्हणायला अवघड वाटतं, निघण्याआधी ठरलेल्या थांब्याचं कोणाला काही वाटत नाही. रेल्वेत स्वच्छतागृहाजवळची जागा मी मुद्दाम घेते, लोक टाळतात तीच. बॅगेत टिश्यू, साबणाचे कागद आणि पॅड, पाळी जवळ असो वा नसो. आणि पाणी घोट घोट, दिवसभर.

रानवारा | मंगळवार, २१:२४

सांजवेळ, हे लिहिल्याबद्दल खूप खूप आभार. मी नेमकं हेच करते आणि डोकेदुखीचं खापर उन्हावर फोडते.

कुंभकर्ण | मंगळवार, २३:५८

या धाग्यावर माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि मला कोणी बोलावलंही नाही.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, बारीकशा आवाजाला जास्त दाद देतो. पहारा ठेवल्यासारखा. दुसऱ्या मुक्कामात हा फरक मावळला.

म्हणजे दर रात्री नवं हॉटेल ही झोपेची सगळ्यात वाईट तऱ्हा. तीन गावं करायची असतील तर मध्यावर एकच मुक्काम करून ये-जा जमते का बघा. त्याच गावी पुन्हा जाल तेव्हा तेच हॉटेल, जमलं तर तशीच खोली मागा, लिफ्टपासून लांबची. पडद्यांची फट बंद करायला कपाटातला चिमट्यांचा हँगर उत्तम. टीव्हीचा लाल दिवा, एसीचा हिरवा दिवा, धुराच्या सेन्सरचा लुकलुकणारा दिवा... पहिल्या दोघांवर चिकटपट्टी लावतो, तिसऱ्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे पाठ करून झोपायचं.

बॅटरी_लो | बुधवार, ००:०६

म्हणजे रात्री अर्धा मेंदू जागा राहतो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये तो आपली झोप पूर्ण करतो. आता साहेबांना शास्त्रीय कारण देता येईल.

गोगलगाय | बुधवार, ०९:१०

आणि घोरणाऱ्या सहकाऱ्याबरोबर एक खोली मिळाली तर डावा-उजवा दोन्ही जागे.

स्पॅनर | बुधवार, ०९:३३

घोरणारा मीच असतो. म्हणून मी त्यांना आधी झोपू देतो आणि तोवर रिपोर्ट लिहितो. रिपोर्ट वेळेवर जातो, आशीर्वादही मिळतात.

उंबरठा | बुधवार, १४:४०

मी फिरत नाही. नवरा फिरतो, त्यामुळे धाग्यावर बोलायचा अधिकार आहे असं समजते.

रानवारा, परतल्यावर दोन दिवस कामाची नसतेस, हे तू ऑफिसच्या हिशेबाने लिहिलंस. तेच दोन दिवस घरात काय होतं ते सांगू? माणूस दारातून आत येतो आणि त्याला शांतता हवी असते. इकडे आठवडाभर एकटीने किल्ला लढवलेला असतो, तुंबलेलं सगळं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. दोघेही दमलेले आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आराम करून आलाय. आमच्याकडे यावरून बरीच भांडी आपटून झाली. आता ठरलंय की आल्या दिवशी कोणताही विषय काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर त्याच्याकडे, आणि मी बाहेर. फोनवरही रोज रात्री "जेवलास का, झोपलास का" असली हजेरी बंद करून, एक दिवसाआड नीट बोलणं सुरू केलं. हॉटेलात रात्री अकराला ताटकळत व्हिडिओ कॉल करण्याने कोणाचंच प्रेम वाढत नव्हतं.

पहाटपक्षी | बुधवार, १५:०२

हे वाचून गप्प झालो. आमच्या घरी दाखवू की नको?

उंबरठा | बुधवार, १५:०४

दाखवा. नाश्ता मिळाला नाही तर इथे कळवा.

आकडेमोड | बुधवार, १९:४८

रानवारा यांच्या "महिन्यातले निम्मे दिवस" या शब्दांपाशी अडलो. २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १८,०००हून अधिक नोकरदारांच्या आरोग्य तपासणीच्या नोंदी पाहिल्या होत्या. महिन्यातून १ ते ६ रात्री बाहेर असणारे आणि १४ किंवा जास्त रात्री बाहेर असणारे, अशी तुलना होती. दुसऱ्या गटात झोपेच्या तक्रारी, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. तुमचे निम्मे दिवस म्हणजे नेमका हा दुसरा गट.

याच संशोधकांच्या आधीच्या, २०११च्या अभ्यासातली गंमत अशी की अजिबात न फिरणाऱ्यांची तब्येतही थोडं फिरणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली. त्याचं एक कारण असं सांगतात की आधीच आजारी असलेल्यांना कोणी दौऱ्यावर पाठवत नाही. त्यामुळे फिरल्यानेच माणूस आजारी पडतो असं या आकड्यांवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण १४ हा आकडा साहेबांसमोर ठेवायला चांगला आहे.

खडूस | बुधवार, १९:५५

आकडेमोड, प्रथमच आपल्या आकड्यांचा उपयोग झाला. हलकेच घ्या.

गोगलगाय | बुधवार, २०:३०

अवांतर: पॉवर बँक कोणती नेऊ? विमानतळावर एकाची काढून ठेवलेली पाहिली तेव्हापासून धाकधूक असते.

बॅटरी_लो | बुधवार, २०:३४

अखेर माझ्या अभ्यासाचा विषय! १०० वॉट-अवरपर्यंतची साधारण चालते, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवासी विमानात नाहीच. आणि ती हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात कधीही नाही, कारण लिथियमने पेट घेतला तर केबिनमध्ये विझवता येतो, खाली सामानात कोणाला पत्ताही लागत नाही. हिशेब असा: मिलिअँपिअर-अवर गुणिले ३.७, भागिले १,०००. म्हणजे २०,०००ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, बिनधास्त न्या. आकडा पुसट झाला असेल तर वाद घालून उपयोग नाही, काढून ठेवतातच. काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

नाडीपरीक्षक | बुधवार, २१:०५

हातातल्या बॅगेचा विषय निघालाच आहे तर रोजची औषधंही तिथेच. इन्सुलिन तर नक्कीच, सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. चिठ्ठीची प्रत बरोबर ठेवा आणि परतीच्या तारखेपेक्षा चार दिवसांचं जास्त घ्या.

वळचण | बुधवार, २२:२२

परदेश दौऱ्यांचं कोणी लिहिलं नाही. पूर्वेकडे जाणं पश्चिमेपेक्षा जड जातं, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित मोठं असतं. दिवस लांबवणं त्याला सोपं, आखडणं कठीण. ढोबळ हिशेब म्हणजे तासाच्या फरकाला एक दिवस. म्हणून दोन दिवसांसाठी जायचं असेल तर मी तिथल्या वेळेच्या नादीच लागत नाही. झोप घरच्या वेळेच्या आसपास ठेवतो आणि मीटिंग माझ्या जागेपणी कोंबून बसवतो. आठवडाभर राहायचं असेल तर पोहोचल्या दिवसापासून तिथल्या उजेडात भटकतो. खोलीत पडदे ओढून "जरा पडतो" म्हटलं की संपलं.

कुंभकर्ण | बुधवार, २२:३१

पडायचं तर वीस मिनिटं, गजर लावून. स्पॅनर आणि गाडी चालवणाऱ्या सगळ्यांसाठी: पेंग आली तर खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यावर विसंबू नका. सुरक्षित जागी गाडी उभी करा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतातच, तोवर डुलकी होते. १९९०च्या दशकात ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात सिम्युलेटरवर हे तपासलं होतं, नुसत्या कॉफीपेक्षा दोन्ही मिळून जास्त उपयोगी पडलं. पण ही तात्पुरती मलमपट्टी. रात्रभर जागून पुढचे पाच तास गाडी चालवायचा परवाना समजू नका. आणि संध्याकाळी हा प्रयोग नको, कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

रानवारा | गुरुवार, १०:१५

केवढं लिहिलंय सगळ्यांनी! रात्री बसून वहीत उतरवून काढलं. सोमवारी साहेबांशी बसायचंय. काय मागू आणि कोणत्या क्रमाने, यावर कोणी बोलेल का? सगळंच मागितलं तर हातात काहीच पडणार नाही.

भिंगरी | गुरुवार, १०:५८

खडूस, आता तुमची पाळी.

खडूस | गुरुवार, १२:२०

पाळी आली म्हणून लिहितो, एरवी मी चांगलं बोलत नाही.

सर्वांत आधी मुक्काम. दहाच्या आधीच्या मीटिंगला आदल्या संध्याकाळी पोहोचायचं आणि हॉटेलची रात्र कंपनीच्या खर्चाने. हे मिळालं नाही तर बाकीचं मागण्यात अर्थ नाही. यावर साहेब खर्च दाखवतील. तेव्हा विचारा, गिऱ्हाइकासमोर पेंगणाऱ्या माणसाचा खर्च कोणत्या रकान्यात धरता?

दुसरं, प्रवासाचे तास कॅलेंडरवर "व्यग्र" म्हणून टाकायचे, उघडपणे. भिंगरी म्हणतात तसं त्यात जे वाचून-लिहून होईल ते बोनस, कबूल केलेलं काम नव्हे. दौऱ्याच्या दिवशी ऑफिसचे नेहमीचे कॉलही नकोत, नाहीतर दिवसा गिऱ्हाईक आणि रात्री ऑफिस अशी दुप्पट नोकरी होते.

तिसरं, परतल्यानंतरची पहिली दुपार रिकामी. अहवाल, बिलं, साचलेला मेल यासाठी. उंबरठा यांनी लिहिलेलं वाचून पुढे जोडतो: ती दुपार घरची नाही, ऑफिसचीच आहे. तिथे साचलेलं उरकलं तर संध्याकाळी घरी माणूस म्हणून जाता येतं.

चौथं, स्वतंत्र खोली. स्पॅनरनी माफ करावं.

आकडेमोडचा १४ शेवटी काढा, सुरुवातीला नाही. "महिन्यात १३च्या वर रात्री नकोत" असं म्हणा, साहेब १५वर तोडतील. दोन महिने हिशेब ठेवून पुन्हा बोलू, एवढं पदरात पाडून घ्या.

पहाटपक्षी | गुरुवार, १२:४१

यात व्यायामाचा "व"ही नाही.

खडूस | गुरुवार, १२:४३

तो साहेबांकडे कशाला मागायचा? आदल्या संध्याकाळी पोहोचल्या की सकाळी पाचला उठून तुमच्याबरोबर बैठका मारतील.

सांजवेळ | गुरुवार, १३:१०

एक जोडते. रात्री उशिरा पोहोचायचं झालं तर विमानतळ किंवा स्टेशनवरून नेणारी गाडी आधीच ठरवलेली हवी, हेही मागून घे. रात्री बाराला अनोळखी जागी रस्त्यावर उभं राहून गाडी शोधणं हे तुझ्या कामाच्या यादीत बसत नाही.

रानवारा | पुढचा सोमवार, १९:५२

झालं बोलणं! मुक्काम मिळाला, तोही फारशी खळखळ न करता. "व्यग्र"ला नाक मुरडलं, पण महिनाभर करून बघू म्हणाले. परतल्यानंतरची दुपार मिळाली नाही, "गरजेप्रमाणे बघू". स्वतंत्र खोली आणि रात्रीची गाडी यांना लगेच हो. रात्रींचा आकडा १६वर अडलाय, तिमाहीनंतर फेरविचार.

खडूस | सोमवार, २०:०१

वाईट नाही. लेखी घेतलंत का?

रानवारा | सोमवार, २०:०४

मी मुद्दे मेलवर पाठवले. उत्तर आलं, "ओके".

खडूस | सोमवार, २०:०५

"ओके" पुरे. त्या मेलचा फोटो काढून ठेवा, बिलांबरोबर.